नकार द्या, पण कारणासकट

रेल्वे-सिम्युलेशन खेळांच्या निर्मात्यांस,



वाफेच्या इंजिनाचा धूर, पावसात चमकणारे रूळ, डब्यांवरचा गंज यांवर तुम्ही घेतलेली मेहनत दिसते. तक्रार त्याबद्दल नाही. ती आहे रूळ टाकताना आणि गाडीला मार्ग ठरवून देताना होणाऱ्या कोंडीबद्दल.

आधी रुळांचं. माउसने रूळ ओढत न्यावेत आणि शेवटच्या टप्प्यावर सगळी रेघ लाल व्हावी. शेजारी एकच वाक्य: ‘इथे बांधता येत नाही.’ का? वळण फार आवळ झालं, चढ जास्त झाला, की पुलाचा खांब खालच्या रुळावर आला? खेळाला हे ठाऊक असतं, नाहीतर त्याने नकार दिलाच नसता. तरी तो बोलत नाही आणि खेळाडू रेघ इकडेतिकडे सरकवत बसतो. हा तोंड बांधून बुक्क्यांचा मार झाला.

मोकळा नकाशा मिळाला की इकडच्या खेळाडूला बोरघाट बांधायची हौस येते. कर्जत-लोणावळ्याच्या या वाटेवर ३७ मीटरला १ मीटर इतका चढ आहे. १८६३ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा चढ आवाक्यात ठेवण्यासाठी खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते बंद केलं. बोगदा खणायचा, वळसा घ्यायचा की जादा इंजिन लावायचं, हे ठरवण्यातच या खेळाची गंमत आहे. पण चढ मर्यादेपेक्षा किती जास्त आहे हा आकडाच दिला नाही, तर ठरवायचं कशावर?

गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मालगाडीसाठी मुद्दाम बाजूला लूप लाइन टाकावी, तर मालगाडी मुख्य मार्गच अडवून उभी. एक्स्प्रेस समोरचा सरळ रस्ता सोडून द्राविडी प्राणायाम करत येते. शेजारचा फलाट रिकामा असूनही तिसरी गाडी भरलेल्या फलाटाची वाट पाहत स्टेशनाबाहेर खोळंबते.

या वागण्यामागे बहुतेक वेळा हिशेब असतो. अंतर मोजायचं, त्यावर लाल सिग्नल, वळण, चढ, मधलं स्टेशन यांचा दंड चढवायचा आणि सर्वांत स्वस्त पडणारा मार्ग निवडायचा. रीत चांगली आहे. पण ही बेरीज तुम्ही झाकून ठेवता. १९९४ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ या खेळावरून स्वयंसेवकांनी घडवलेल्या ‘ओपनटीटीडी’त हे दंड खेळाडूला बदलता येतात. २००९ मध्ये त्यात पाथ सिग्नल आले. साध्या सिग्नलमध्ये एका ब्लॉकात, म्हणजे दोन सिग्नलांमधल्या तुकड्यात, एकच गाडी शिरते. पाथ सिग्नल असला की गाडी जंक्शनमधला आपल्यापुरता मार्ग राखून ठेवते, त्यामुळे एकमेकींचा मार्ग न छेदणाऱ्या दोन गाड्या एकाच वेळी निघतात. फुकट मिळणाऱ्या खेळात जे आहे, ते विकत घेतलेल्या खेळात मागणं गैर नाही.

खऱ्या स्टेशनमास्तरलाही आम्हां खेळाडूंपेक्षा जास्त दिसतं. त्याच्या पॅनेलवर लावलेला मार्ग पांढऱ्या दिव्यांनी उजळतो आणि गाडी असलेला तुकडा लाल होतो. छेदणारा दुसरा मार्ग इंटरलॉकिंग यंत्रणा लावूच देत नाही.

म्हणून मागण्या अशा. रूळ नाकारलात तर अडलेली जागा आणि कारण आकड्यासह दाखवा. टाकलेला सांधा सगळा मार्ग न उखडता सरकवता येऊ द्या. गाडीवर क्लिक केलं की तिने निवडलेला मार्ग, नाकारलेला मार्ग आणि दोन्हींची बेरीज दिसू द्या. गाडी अडली असेल तर कोणत्या गाडीने, कोणत्या सिग्नलपाशी, हे सांगा. अमुक गाडी अमुक मार्गानेच जाईल, असं बजावायची सोय द्या.

नवख्याला एवढी माहिती डोईजड होईल, असं तुम्ही म्हणाल. मग ती एका बटणामागे ठेवा. ज्याला हवी तो दाबेल. खेळ सोपा करा असं आम्ही म्हणत नाही. कोंडी सोडवण्यात रात्र गेली तरी चालेल. ती कुठे झाली आहे हे शोधण्यात जाऊ नये. पुढच्या आवृत्तीत नवं इंजिन एक कमी द्या, पण एवढं कराच.

कळावे,
आपला,
एक खेळाडू