पेन्शन भुकेला मिळाली की बंदुकीला?

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा विषय होता. बोलता बोलता चर्चा एका आडबाजूच्या मुद्द्यावर गेली. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या कॉन्फेडरेट सैनिकांच्या गरीब विधवांना दक्षिणेतल्या राज्यांनी पेन्शन दिली होती, हे मी सांगितलं. एक तरुण कार्यकर्ता तडकून म्हणाला, "ताई, माणसांना गुरासारखं विकणाऱ्यांच्या बाजूने लढलेल्यांच्या बायका त्या. उपाशी मेल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" त्यावर एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "विधवा ती विधवा. गरीब बाईला चार पैसे मिळाले, त्यात वंशभेद कशाला शोधता?"

मला दोघांचंही म्हणणं मान्य नाही. वेळ संपली आणि वाद अर्धवट राहिला, म्हणून हा लेख.

"अमेरिकेतल्या विधवांशी आपला काय संबंध?" असं विचारणाऱ्यांना आधी एवढंच सांगते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. या इतिहासाशी आपलं नातं आपल्या महापुरुषांनीच जोडून ठेवलेलं आहे.

आता मूळ मुद्दा. १८६१ ते १८६५ हे युद्ध झालं. अमेरिकेतून फुटलेल्या ११ दक्षिणी राज्यांनी आपलं वेगळं सरकार उभं केलं. त्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात जाहीर भाषण करून सांगितलं, की कृष्णवर्णीय हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामगिरी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, या विचारावरच आपलं राज्य उभं आहे. तेव्हा "ते युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं" ही नंतर रचलेली सारवासारव आपण बाजूला ठेवू.

दक्षिण हरली. केंद्र सरकारने आपल्या बाजूने लढलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना १८६२ च्या कायद्याने पेन्शन दिली. बंडखोरांना त्यात जागा नव्हती. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तर बंडासाठी काढलेलं कर्ज फेडायलाही मनाई केली. म्हणून दक्षिणेतल्या राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून पेन्शन सुरू केली. नॉर्थ कॅरोलिनाने १८८५ मध्ये, मिसिसिपीने १८८८ मध्ये. टेनेसीने १८९१ मध्ये सैनिकांना आणि १९०५ मध्ये विधवांना. ही वर्षं लक्षात ठेवा. मिसिसिपीने पेन्शनचा कायदा केला आणि दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, नवं राज्य-संविधान करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला. एका हाताने पेन्शन वाटणारे आणि दुसऱ्या हाताने मतपेटी हिसकावणारे लोक एकाच वर्गाचे होते.

आता त्या विधवेकडे बघू. ती कोण होती? सगळ्याच जमीनदारणी नव्हत्या. १८६२ मध्ये कॉन्फेडरेट सरकारने सक्तीची सैन्यभरती लागू केली आणि त्याच वर्षी अशी सवलत दिली, की ज्या मळ्यावर २० किंवा जास्त गुलाम आहेत तिथल्या एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट. म्हणजे गुलामांचा मालक घरी आणि ज्याच्याकडे एकही गुलाम नाही तो आघाडीवर! एप्रिल १८६३ मध्ये राजधानी रिचमंडमध्ये भुकेल्या गोऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांनी दुकानं फोडून पाव आणि पीठ नेलं. त्यांना पांगवायला त्यांच्याच सरकारने शिपाई आणले. ज्या राज्यासाठी नवरे मरत होते, ते राज्य बायकांच्या पोटाला काय देत होतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

हीच बाई वीस-तीस वर्षांनी, थकल्यावर, पेन्शनचा अर्ज घेऊन काउंटीच्या कचेरीत उभी राहिली. अर्जात काय विचारत? नवरा कोणत्या रेजिमेंटमध्ये, कोणत्या कंपनीत होता? कधी भरती झाला? सैन्यातून बाहेर कसा पडला? तुझ्या नावावर जमीन किती, मालमत्ता किती? तुला कोण पोसतं? पुन्हा लग्न केलंस का? सोबत साक्षीदार हवेत, शक्यतो नवऱ्याबरोबर लढलेले. लिहिता न येणाऱ्या बायका सहीच्या जागी फुली मारत. आपलं दारिद्र्य शेजाऱ्यांच्या तोंडून शपथेवर वदवून घ्यायचं, तेव्हा कुठे वर्षाकाठी थोडे डॉलर हातात.

हे वाचताना मला माझं रोजचं काम आठवतं. निराधार योजनेचे अर्ज मी गेली काही वर्षं बायकांना भरून देते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. एका कचेरीत कारकुनाने एका मावशींना सगळ्यांसमोर विचारलं, "हातात बांगड्या दिसतात, मग निराधार कशा?" काचेच्या बांगड्या होत्या. गरिबी सिद्ध करताना बाईची अब्रू कशी सोलली जाते हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. म्हणूनच त्या अनोळखी गोऱ्या बाईची फुली बघून मला आनंद होत नाही. आमच्या तरुण मित्राला माझं हे पहिलं उत्तर.

आता शिक्षकांच्या मुद्द्याकडे येते. पेन्शन जर फक्त भुकेला होती, तर अर्जात रेजिमेंट कशाला विचारायची?

खरी गोम इथे आहे. युद्धाच्या शेवटच्या काळात हजारो गरीब सैनिक कॉन्फेडरेट सैन्य सोडून घरी परतले. कारण? घरून पत्रं येत होती, पोरं उपाशी आहेत, शेत पडीक आहे. जो माणूस लेकरांच्या भुकेची हाक ऐकून घरी आला, तो सरकारी कागदावर 'पळपुटा' ठरला. आणि पळपुट्याच्या विधवेला पेन्शन नाही! तिची भूक कमी होती का? नवरा शेवटपर्यंत गुलामगिरीच्या झेंड्याखाली राहिला असेल तर तिची भूक खरी, तो भुकेसाठी परतला असेल तर तिची भूक खोटी. सर, याला गरिबांची मदत म्हणतात का? गरिबी ही अट होती. पैसे मिळत होते ते निष्ठेचे.

आणि ज्यांच्या श्रमावर ती सगळी दक्षिण उभी होती, त्या बायकांचं काय?

टेनेसीची राजधानी नॅशव्हिल. १८९४ मध्ये याच शहरात युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी ही संघटना स्थापन झाली. प्रतिष्ठित घरांतल्या गोऱ्या स्त्रियांची. हिने गावोगावी कॉन्फेडरेट सैनिकांचे पुतळे उभारले, शाळेच्या पुस्तकांत आपल्या सोयीचा इतिहास घुसवला. पुढे याच राज्याने कॉन्फेडरेट विधवांना पेन्शन दिली. आणि त्याच शहरात त्याच काळात एक तिसरी स्त्री राहत होती. तिचं नाव कॅली हाउस.

कॅली हाउस १८६१ मध्ये टेनेसीतच गुलाम म्हणून जन्मली. नवरा वारलेला, पाच मुलं पदरात, लोकांचे कपडे धुऊन आणि शिवणकाम करून घर चालवणारी. म्हणजे तीही विधवाच, तीही गरीबच. १८९० च्या दशकात आयझाया डिकरसन यांच्या साथीने तिने पूर्वीच्या गुलामांची संघटना बांधली. मागणी सरळ होती : आम्ही आयुष्यभर फुकट राबलो, आता म्हातारपणी आम्हाला पेन्शन द्या. सभासद होताना २५ सेंट आणि पुढे महिन्याला १० सेंट. त्यातून आजाऱ्याला औषध आणि मेलेल्याला माती मिळे. कपडे धुणारी ही बाई गावोगाव फिरून सभा घेत होती आणि जिवंत असलेल्या पूर्वीच्या गुलामांच्या सह्या गोळा करत होती.

केंद्र सरकारने काय केलं? १८९९ मध्ये टपाल खात्याने संघटनेवर फसवणुकीचा ठपका ठेवून तिची टपालसेवाच अडवली. १९१५ मध्ये संघटनेच्या लोकांनी सरकारविरुद्ध दावा लावला. युद्धकाळात आणि नंतर कापसावर जो कर गोळा झाला, तो कापूस गुलामांनी पिकवला होता, तेव्हा त्यातले सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर आमचे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही, असं सांगून न्यायालयाने तो फेटाळला. १९१६ मध्ये कॅली हाउसवरच टपालाद्वारे फसवणूक केल्याचा खटला भरला गेला. सरकारचा युक्तिवाद ऐका : सरकार गुलामांना पेन्शन कधीच देणार नाही, मग पेन्शन मिळेल अशी आशा लोकांना दाखवणं ही फसवणूकच! १९१७ मध्ये तिला एक वर्षाची शिक्षा झाली आणि मिझुरी राज्यातल्या तुरुंगात पाठवलं गेलं. १९२८ मध्ये ती वारली. पेन्शन कुणालाच मिळाली नाही.

एका गरीब विधवेने अर्ज केला तर पेन्शन. दुसऱ्या गरीब विधवेने अर्ज केला तर तुरुंग. आता सांगा सर, "विधवा ती विधवा" कुठे राहिलं?

यावर एक ठरलेला आक्षेप येतो : काही राज्यांनी कृष्णवर्णीयांनाही कॉन्फेडरेट पेन्शन दिली होती. हो, दिली होती. मिसिसिपीने १८८८ पासून, टेनेसीने १९२१ मध्ये, इतर काही राज्यांनी त्याच सुमारास. पण कोणाला? युद्धात मालकाबरोबर नेलेल्या, त्याची भांडी घासणाऱ्या, घोडे सांभाळणाऱ्या, त्याचं प्रेत घरी आणणाऱ्या नोकरांना. म्हणजे ज्याने शेतात आयुष्य घालवलं त्याला काही नाही, आणि ज्याने मालकाची सेवा निष्ठेने केली त्याला बक्षिसी. आपल्याकडे 'इमानी नोकर' म्हणून पाठ थोपटायची आणि मजुरी मागितली की 'माजला' म्हणायचं, ही रीत आपल्याला नवी आहे का?

आणि हे पैसे कुठून येत होते? अलाबामाने कॉन्फेडरेट पेन्शनसाठी मालमत्तेवर खास कर लावला होता. ज्या कृष्णवर्णीयाने मुक्तीनंतर पोटाला चिमटा काढून एकरभर जमीन घेतली, तोही हा कर भरत होता. त्याच्या आईला गुलामीची दमडी मिळाली नाही, पण तिला गुलाम ठेवू पाहणाऱ्या सैन्याच्या पेन्शनला त्याने हातभार लावला. ते सैनिक आणि त्यांच्या विधवा गेल्या, तरी त्याच करातला छोटा वाटा पुढेही तिथल्या कॉन्फेडरेट स्मारक उद्यानाला मिळत राहिला.

आता पुन्हा आमच्या तरुण मित्राकडे. अरे, त्या बायकांचा राग करून आपल्या हाती काय लागेल? अलाबामातल्या अल्बर्टा मार्टिनचंच बघ. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याची ती मुलगी. पहिला नवरा वारल्यावर १९२७ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, तिने ८१ वर्षांच्या म्हाताऱ्या कॉन्फेडरेट सैनिकाशी लग्न केलं. त्याला महिना ५० डॉलर पेन्शन होती आणि तिच्या पदरात लहान मूल होतं. एवढंच कारण. तो गेल्यावर ती अनेक दशकं गरिबीत, कुणाच्या लक्षातही न येता जगली. नव्वदीच्या आसपास पोचल्यावर कॉन्फेडरेट अभिमान मिरवणाऱ्या मंडळींना ती सापडली. त्यांनी तिची पेन्शन पुन्हा सुरू करून दिली आणि तिला मेळाव्यांत, झेंड्यांच्या गर्दीत मिरवलं. २००४ मध्ये तिच्या अंत्ययात्रेतही तोच थाट. उपाशी असताना ती कुणाची नव्हती, प्रतीक झाल्यावर सगळ्यांची झाली.

गोऱ्या गरीब बाईला भाकरीचा तुकडा देऊन तिच्याकडून मालकांच्या इतिहासावर फुली मारून घेतली गेली. तुझ्या नवऱ्याला वीस गुलामवाल्यासाठी मरायला लावलं, असं तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते हे, की तो वीर होता आणि म्हणून तुला पेन्शन आहे. कपडे धुणारी कॅली हाउस आणि फुली मारणारी ती बाई एका बाजूला उभ्या राहू नयेत, याची सोय त्या अर्जातच होती. जातिव्यवस्था नेमकं हेच करते. खालच्यांना एकमेकांपासून तोडते आणि एकाला दुसऱ्यापेक्षा अर्धी पायरी वर ठेवून खूश करते.

म्हणून माझी मांडणी अशी आहे. त्या विधवांना मदत मिळाली हे चूक नव्हतं. ती निष्ठेच्या बदल्यात मिळाली आणि कॅली हाउसला नाकारली गेली, हे चूक होतं. मदत भूक बघून द्यायची असते, नवरा कोणाच्या झेंड्याखाली होता हे बघून नाही. आणि श्रमाची भरपाई हा तर मदतीचा प्रश्नच नाही, ते देणं आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून प्रस्थापित नेहमीच वाचत आले.

आपल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये वार्धक्य, आजार, अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तजवीज राज्याने करावी, असं सांगितलं आहे. मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयातून वसूल करता येत नाही, हे मला माहीत आहे. पण तिथे शब्द 'हक्क' हाच आहे. पुढच्या वेळी कुणी मावशींच्या बांगड्यांकडे बोट दाखवलं, तर त्या कारकुनाला हे कलम वाचून दाखवायचं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कॅली हाउससारख्या सह्या गोळा करायला लागायचं.

जय भीम!