काडतुसं आणि काटा

बडोद्याच्या आपल्या घरांतली पोरं अमेरिकेत पांगली. त्यातला माझा पुतण्या टेक्सासला नेमबाजी करतो आणि काडतुसं गॅरेजात पुन्हा भरतो. आपल्याकडे परवान्याशिवाय हा १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा; तिथे छंद. असो.

त्याचं प्रोग्रेसिव्ह प्रेस प्रत्येक ओढीला एक काडतूस देतं. पण प्लेट सरकायची राहिली आणि हँडल पुन्हा ओढलं, तर एकाच केसमध्ये दारू दोनदा पडते, नळी फाटू शकते. म्हणून तो प्रत्येक केसमध्ये डोकावतो, मधूनमधून दारू काट्यावर तोलतो, प्लेटखाली सांडलेली दारू झाडतो. आमचे जुने कॅशियर मशीनने मोजलेली गड्डीही बोटांनी फिरवून बघायचे, तसंच हे. मला ते शंभर टक्के पटतं.

मित्र त्याला वेळखाऊ म्हणतात. म्हणोत बापडे! त्यांच्या शेजारी मी नेमबाजीला उभा राहणार नाही.