फिरती पेटी

मुलांनो, दिल्लीच्या तिहार तुरुंगाचं नाव निघालं, की लोकांच्या अंगावर काटा यायचा. १९९३ साली किरण बेदी तिथं तुरुंग महानिरीक्षक म्हणून आल्या. आत नऊ हजारांवर कैदी दाटीवाटीनं राहत होते. त्यांचं गाऱ्हाणं ऐकणार कोण? बेदींनी कुलूपबंद तक्रारपेटी बराकींतून फिरवली. चिठ्ठ्या थेट त्यांच्यापर्यंत पोचू लागल्या. आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं ते? शिकलेले कैदी त्यांना शिकवू लागले. तुरुंगातच शाळा भरली!

हे वाचून मीही वर्गात पेटी ठेवली. पहिलीच चिठ्ठी निघाली, ‘बाई, तुम्ही फार ओरडता.’ माझा चेहरा पडला खरा. पण पेटी काही काढली नाही हं! ओरडणं मात्र कमी करतेय.