मनगट प्लास्टरमध्ये, बोटे मात्र कामात

पावसाळ्यात शेवाळलेले अंगण, ओली फरशी आणि न्हाणीघराचा उंबरा ही गारगोटी परिसरातील वृद्धांच्या पडण्याची नेहमीची ठिकाणे. पडताना माणूस नकळत हात टेकतो, देहाचा सारा भार तळहातावर येतो आणि उतारवयात ठिसूळ झालेले हाड मनगटाच्या किंचित वर मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन 1814 मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वी, केले. मनगटाचा बाक कायम राहिला तरी कालांतराने हात हलता व वेदनामुक्त होतो, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले होते.

‘ऑपरेशन करावेच लागेल का?’ हा कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो. बहुतेक वृद्धांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भूल देऊन हाड ओढून बसवतात व प्लास्टर घालतात. ते साधारण पाच ते सहा आठवडे ठेवावे लागते. बसवलेले हाड पुन्हा सरकू शकते; म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत सांगितलेला फेर-एक्स-रे चुकवू नये. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये साठीपुढील रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्टी बसवलेले व केवळ प्लास्टर घातलेले रुग्ण यांच्या हाताच्या कार्यक्षमतेत वर्षअखेर महत्त्वाचा फरक आढळला नाही. मात्र हाड त्वचेबाहेर आले असेल, नस दबली असेल किंवा सांध्याचा पृष्ठभाग फार विस्कटला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचा शस्त्रक्रियेचा सल्ला टाळू नये.

प्लास्टर हाडाला आधार देते. हात वाचवण्याचे काम घरी होते. मनगटाला इजा होताच, सूज चढण्यापूर्वी, अंगठी, पाटल्या व बांगड्या उतरवाव्यात. सौभाग्यलेणे म्हणून आजी नकार देतात. त्यांना समजावून बांगडी वाढवावी, कारण सुजेत रुतलेले कडे रक्तपुरवठा तोडते. पहिले काही दिवस हात उशीवर, हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावा. पहिल्या दिवसापासून दर तासाला मूठ वळून पूर्ण उघडावी. कोपर वाकवावे, खांदा वर न्यावा. हात सतत झोळीत बांधून ठेवल्यास बोटे व खांदा आखडतात आणि जुळलेले हाडही उपयोगाचे राहत नाही.

बोटे निळसर वा थंडगार पडली, बधिरता आली, वेदना वाढतच गेली किंवा प्लास्टर आवळू लागले, तर रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. हाडवैद्याकडून कामट्यांची घट्ट पट्टी बांधून घेण्यातही रक्तपुरवठा थांबण्याचा हाच धोका असतो.

प्लास्टर निघाल्यावर हात कृश व ताठ दिसेल. त्याने घाबरू नये. कोमट पाण्यात मनगट हलवावे, मऊ चेंडू वा कणकेचा गोळा दाबावा. पूर्ववत ताकद येण्यास अनेक महिने लागू शकतात.

शेवटी एक विनंती. साध्या पडण्याने मोडलेले मनगट ही अस्थिठिसूळतेची सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर पुढचा घाव खुब्यावर बसू शकतो. म्हणून हाडांची घनता, ड जीवनसत्त्व, दृष्टी आणि चक्कर आणणारी औषधे यांची तपासणी करून घ्यावी. आहारात दूध व नाचणी असावी. आणि प्लास्टर निघण्याची वाट न पाहता न्हाणीघरात धरायला दांडी व रात्री वाटेवर दिवा, एवढी सोय घरच्यांनी आजच करावी.