या अंकात मेटल का?

कळवणच्या मासिकात कांदा, गिरणा आणि सप्तशृंग गड यायचेच. यंदा मात्र एक लेख मेटलवर आहे, तोही स्कायहार्बर या बँडवर. दिल्लीच्या केशव धरने घरच्या स्टुडिओत याची सुरुवात केली. पुढे मुंबईच्या ‘गॉडेस गॅग्ड’मधला गिटारवादक देवेश दयाल येऊन मिळाला. २०१२चा पहिला अल्बम बराच राकट. २०१४च्या ‘गायडिंग लाइट्स’पासून गिटारभोवती इलेक्ट्रॉनिक सुरांचं धुकं दाटत गेलं, आणि २०१८च्या ‘सनशाइन डस्ट’मध्ये तर चालीही गुणगुणता येतील अशा. जुने चाहते याला पातळपणा म्हणतात. मला तो धीटपणा वाटतो.

‘नुसता गोंगाट’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. या प्रकारच्या संगीतात ड्रम चाराच्या ठेक्यात चालू असतो आणि गिटार सात मात्रांचा तुकडा घोळवत राहते. दोघं अठ्ठावीस मात्रांनंतर एकत्र येतात. तिहाईवर मान डोलावणाऱ्यांना हा हिशेब परका नाही. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या पावरीचा न तुटणारा सूर ज्यांच्या कानात आहे, त्यांना तर इलेक्ट्रॉनिक सुरांचा तो पडदाही ओळखीचा वाटेल.

हेडफोन लावून ‘गायडिंग लाइट्स’ सलग ऐका. नाही पटलं तर पत्र लिहा. पुढच्या अंकात छापू.