मनाची कीर्द

दुकानाची कीर्द मिळाल्याशिवाय जुना व्यापारी कुलूप लावत नसे. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत पाच रुपयांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत पेढीवरचा दिवा मालवला जात नसे. आज वहीच्या जागी संगणक आला, तरी ही शिस्त व्यापारी घराण्यांच्या अंगी मुरलेली आहे. मात्र त्याच माणसाच्या मनात दिवसभर काय जमा झाले आणि काय नावे पडले, याची कीर्द कित्येकदा महिनोन्‌महिने मिळवलेली नसते. तेथे केवळ नावेची बाजू लिहिली जाते. जमेची पाने कोरीच राहतात.

तालुक्याच्या गावातील एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. दुकान आजोबांच्या वेळचे, पत चोख. शेजारच्या गावातील एका किरकोळ दुकानदाराला त्याने दिवाळीपूर्वी २ लाख ४० हजार रुपयांचा माल उधारीवर दिला. तो दुकानदार दिवाळीनंतर दुकान बंद करून गाव सोडून गेला. रक्कम मोठी होती, पण दुकान बुडवील एवढी नव्हती. त्याच हंगामात विक्री मागील वर्षापेक्षा चांगली झाली होती. एका कुटुंबाने तर तिसऱ्या पिढीचा लग्नाचा बस्ताही त्याच दुकानातून बांधला होता. मुलाने सारा साठा संगणकावर घेतला होता. परंतु व्यापाऱ्याच्या मनात त्या एका खात्याखेरीज दुसरे काही शिल्लक राहिले नाही.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला घरातील सर्व मंडळी एकत्र बसत. पूर्वी त्या वेळी दिवसभराच्या गोष्टी निघत. आता ताटे निमूटपणे वाढली जात आणि निमूटपणे उचलली जात. दहा वर्षांची नात शाळेतील गंमत सांगण्याआधी आजोबांचा चेहरा पाहू लागली. एके दिवशी मुलाने उधारीची मर्यादा ठरवण्याविषयी काही सुचवले, तेव्हा व्यापाऱ्याच्या तोंडून शब्द गेले, "या घरात धंदा कळतो कोणाला?" मुलाने ताटावरून नजर वर उचलली नाही. आठवड्याने त्याने पुण्यातील एका नोकरीसाठी अर्ज केला.

२ लाख ४० हजारांचे नुकसान वहीत लिहिले गेले होते. घरात होत असलेले नुकसान कोणत्याच वहीत लिहिले जात नव्हते.

तोट्याचे वजन

हा दोष त्या एका व्यापाऱ्याचा नव्हे. मनुष्याच्या मनाची घडणच काहीशी अशी आहे. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, समान रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक जड असते. पुढील अभ्यासात हे प्रमाण साधारण दुपटीचे आढळले. म्हणजे हजार रुपये गेल्याचे शल्य भरून निघावयास हजार रुपये मिळून भागत नाही, सुमारे दोन हजार मिळावे लागतात. कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्यापाऱ्याच्या बाबतीत या स्वभावाला धंद्याच्या शिकवणुकीचीही जोड मिळते. हिशेबशास्त्राचा एक जुना संकेत आहे: संभाव्य तोट्याची तरतूद आधी करावी, नफा मात्र पदरात पडल्याशिवाय धरू नये. ताळेबंदासाठी हा संकेत योग्यच आहे. त्यामुळे पेढ्या टिकल्या. परंतु हाच संकेत घरात आणला की मुलाच्या प्रत्येक नव्या विचारात आधी तोटा दिसतो, पत्नीच्या प्रत्येक इच्छेत खर्च दिसतो, आणि प्रेम, विश्वास, आरोग्य ही जमा 'अद्याप वसूल व्हावयाची' म्हणून नोंदवली जात नाही. दुकानाचा नियम दुकानातच ठेवावा. उंबरठा ओलांडताना पादत्राणे बाहेर काढतात, तसा तोही बाहेर ठेवावा.

एका खात्यावरून सारी वही

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी माणसे आपल्या अपयशाचे स्पष्टीकरण स्वतःला कसे देतात, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, खचणारा माणूस संकटाविषयी तीन समजुती करून घेतो. पहिली, हे आता कायमचे आहे. दुसरी, हे सगळीकडेच आहे. तिसरी, याला केवळ मीच कारण आहे. उलट, जो सावरतो तो तेच संकट तात्पुरते, मर्यादित आणि अनेक कारणांनी घडलेले म्हणून पाहतो.

व्यापाऱ्यांच्या बोलण्यात या तिन्ही समजुती सहज सापडतात. "आता धंद्यात राम उरला नाही" ही पहिली. "आजकाल कोणावर विश्वास ठेवण्याची सोय नाही" ही दुसरी. "माझ्याच हातून घराण्याची पत गेली" ही तिसरी. ही वाक्ये हिशेबाच्या कसोटीला लावून पाहिली, तर एकही टिकत नाही. एक खाते बुडाले म्हणून सारी खतावणी बुडीत धरणारा मुनीम कोणत्याही पेढीवर एक दिवसही टिकला नसता. मनाच्या पेढीवर मात्र तोच मुनीम वर्षानुवर्षे गादीवर बसून असतो.

वालचंदांचा वारसा

या दृष्टीने शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र पुन्हा पाहण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कापूस आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. तरुणपणी स्वतंत्रपणे केलेल्या व्यापारात त्यांना तोटा आला. त्यावरून 'आपल्याला व्यवसायच जमणार नाही' असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. 'हा व्यवसाय आपला नव्हे' एवढाच काढला. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून ते रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांत उतरले. या दोन निष्कर्षांमध्ये अंतर थोड्याच शब्दांचे आहे, पण त्यातूनच पुढचे सारे घडले.

१९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या स्थापनेत ते नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह पुढे होते. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली; आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु ती बोट फायद्याची ठरली नाही. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून स्पर्धा केली. काही वर्षांतच 'लॉयल्टी' मोडीत काढावी लागली. पहिले जहाज गेले तरी कंपनी राहिली.

पुढे विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला जून १९४१ मध्ये राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. लगेच पुढच्या वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम विस्कळीत झाले. बंगळूर येथे १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी विमानांचा कारखाना काढला. युद्धकाळात तो सरकारने आपल्या ताब्यात घेतला. याच काळात मोटारीच्या कारखान्यासाठी त्यांची खटपट चालू होती. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. शेवटी मार्च १९४८ मध्ये 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. 'लॉयल्टी' निघाल्यापासून त्याला एकोणतीस वर्षे लोटली होती.

या चरित्रातून 'हिंमत ठेवावी' एवढाच बोध घेतला, तर तो अपुरा ठरेल. वालचंदांनी तोटा नाकारला नाही. प्रत्येक तोटा त्यांनी त्याच्या त्याच्या खात्यावर टाकला, आणि दुसरे खाते उघडताना पहिल्याची काजळी त्यावर येऊ दिली नाही.

खोटा नफा नको

सकारात्मक वृत्ती म्हणजे सर्व काही छान आहे असे म्हणत राहणे, हा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बँकिंगच्या व्यवहारात जुने कर्ज नव्या कर्जाने फेडून खाते नियमित दाखवण्याचे प्रकार होतात. त्याने खाते सुधारत नाही. रोग लपतो आणि वाढतो. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की, हप्ता वा व्याज ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकले की ते खाते अनुत्पादक म्हणून नोंदवावे लागते. ऐकण्यास हा नियम कठोर वाटतो, पण त्यामुळेच उपाय वेळेवर सुरू होतो. शिवाय त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी: सारी थकबाकी भरली गेली की तेच खाते पुन्हा नियमित वर्गात येऊ शकते. शिक्का खात्याच्या त्या वेळच्या स्थितीवर असतो, खातेदाराच्या माणूसपणावर नसतो.

मनाच्या बाबतीत हाच न्याय लावावा. धंद्यात अडचण आली, तर ती घरातील जबाबदार माणसांना वेळेवर सांगावी. अब्रूच्या भीतीने लपवलेला तोटा व्याजासह वाढतो आणि एक दिवस अशा वेळी उघड होतो की, मदत करणाऱ्यालाही मार्ग दिसत नाही. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप व भूक उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो विचारांचा दोष न समजता आजार समजावा आणि विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाची गोळी घेताना कोणी लाजत नाही. येथेही लाजण्याचे कारण नाही.

नित्याचा अभ्यास

वृत्ती उपदेशाने बदलत नाही, सवयीने बदलते. आणि व्यापारी माणसाच्या अंगी रोज लिहिण्याची सवय आधीपासूनच आहे. तिचाच उपयोग करावा.

रात्री निजण्यापूर्वी एका लहान वहीत तीन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत आज काय जमा झाले ते: कोणी केलेले साहाय्य, वेळेवर आलेले पैसे, नातवाचे हसू, दुखणे नसलेला एक दिवस. दुसऱ्या ओळीत आज काय नावे पडले ते, मोजक्या आणि नेमक्या शब्दांत. 'सगळे बिघडले' असे न लिहिता काय बिघडले ते लिहावे. तिसऱ्या ओळीत उद्या त्यासाठी आपल्या हातून होण्यासारखे एक काम. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना दहा आठवडे, दर आठवड्याला, कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहावयास सांगितले होते. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना आपले जीवन अधिक समाधानाचे वाटले.

आपल्या घरांत ही कल्पना परकी नाही. दिवसाअखेरीस स्वतःच्या वागण्याकडे वळून पाहणारे प्रतिक्रमण हा अशाच जागरूकतेचा संस्कार आहे. चार भावनांपैकी प्रमोद भावना तर व्यापाऱ्यासाठी विशेष औषधी आहे. समोरच्या दुकानात गर्दी दिसली की मन आंबते. तेथे त्या दुकानदाराचा एखादा गुण शोधून त्याविषयी आनंद मानणे सुरुवातीला कठीण जाते, पण मत्सरात जळणारी शक्ती त्यामुळे स्वतःच्या दुकानाच्या कामी येते.

त्या कापड व्यापाऱ्याचे पुढे काय झाले? पुण्याहून मुलाखतीचे बोलावणे आले, त्या संध्याकाळी मुलगा उधारीची खतावणी घेऊन वडिलांसमोर बसला.

"बाबा, आपली उधारीची खाती किती?"

"अडतीस."

"बुडाली किती?"

"एक."

"मग उरलेल्या सदतीस जणांचे नाव या घरात चार महिन्यांत एकदाही का निघाले नाही?"

व्यापारी बराच वेळ खतावणीकडे पाहत राहिला. मग तो एवढेच म्हणाला, "त्या दिवशी जेवताना मी तुला जे बोललो, तेही नावेच लिही. ते माझ्या खात्यावर." मुलगा मुलाखतीला गेला, त्याला अडवले गेले नाही. तो दुकानात राहील की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. पण उधारीची मर्यादा त्याने सुचवली तशी ठरली, बुडीत रकमेची तरतूद झाली, आणि संध्याकाळच्या जेवणाला नातीची शाळा पुन्हा ऐकू येऊ लागली.

कीर्दीच्या प्रत्येक नव्या पानाची सुरुवात श्री शिल्लक लिहून होते. कालचा दिवस कितीही वाईट गेला असो, जे हातात उरले आहे ते प्रथम लिहावयाचे आणि मगच आजचा व्यवहार मांडावयाचा, ही पूर्वजांची पद्धत आहे. उद्या सकाळी दुकानाचे कुलूप उघडण्यापूर्वी प्रत्येकाने मनाच्या पानावरही ती एक ओळ आधी लिहावी.