ज्ञानगंगा आणि पर्लकोटा

१९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ब्रीद त्याने स्वीकारले. शेती, नोकरी वा संसार यांपायी ज्यांचे शिक्षण अर्ध्यावर राहिले, त्यांना त्याने पदवीचे दार उघडून दिले, हे त्याचे ऋण महाराष्ट्राने मान्यच केले पाहिजे. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या अंतर्भागात ही गंगा अद्याप वाटेतच अडते, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा गावातील विद्यार्थ्याने अभ्यासकेंद्र वा परीक्षेचे ठिकाण गाठावे कसे? मोबाईलवर व्याख्याने ऐकावीत, हा उपदेश सोपा आहे. पण जंगलातील कित्येक पाड्यांत मोबाईलला धड संपर्कच मिळत नाही. शिवाय ज्याच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते, त्याला ग्रांथिक मराठीतील पाठ एकट्यानेच उलगडावे लागतात. वर्गात शिकविलेल्या कोणासही ठाऊक आहे की, अडलेल्या मुलाला एका शब्दाचा आधार पुरतो. मात्र तो वेळेवर मिळावा लागतो.

२०११ पासून गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ आहे. उभय विद्यापीठांनी एकत्र येऊन तालुक्याच्या शाळांतून सुटीच्या दिवशी मार्गदर्शक बसवावेत आणि परीक्षा पुराचे दिवस टाळून घ्याव्यात. एवढे झाले तरी पुष्कळ विद्यार्थी अर्ध्या वाटेवरून परतणार नाहीत.